चित्रकार प्रभाकर बरवे

जळगांवाहून अजिंठ्याला जाणारा रस्ता आपल्या पहूरवरून जातो. तेव्हां तेथील लेणीं पाहिलीं नाहींत असा मुलगा आपल्यांत विरळाच. माती व भूस यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन गेरू, पिवळी माती, काजळी असल्या साध्या द्रव्यांनीं तीं चित्रें रंगविलीं आहेत. (निळा रंग मात्र दूरदेशींच्या पाषाणाचा.) साध्याच द्रव्याची कांस धरणारा एक मराठी चित्रकार आपल्याही काळांत होऊन गेला.

प्रभाकर बरवे यांचा जन्म सन १९३६ मध्यें, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांतील नागाव येथें झाला. प्रसिद्ध शिल्पकार करमरकर हे त्यांच्या नात्यांतले. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंतील शिक्षण १९५९ सालीं पुरें झाल्यावर १९६१ मध्यें ते सरकारी विणकर सेवा केंद्रांत नोकरीस लागले, आणि सुमारें वीस वर्षें हातमागाच्या कापडासाठीं नक्षीकाम करीत राहिले. मुलाचा हात चित्रांकडे वळूं लागतांच ज्या पालकांना धास्ती वाटते, त्यांनीं हा तपशील अवश्य पाहावा. नोकरीनिमित्त वाराणसीस असतांना तांत्रिक आकृतींचा त्यांच्यावर पगडा बसला. परंतु पुढें तीं आयतीं चिन्हें त्यांनीं बाजूस ठेविलीं, आणि माझ्या मतें त्यांचें खरें काम तेथूनच सुरू झालें.

त्यांचा आवडता रंग एनॅमल, म्हणजे दारें-खिडक्यांना व पत्र्याच्या ट्रंकेला आपण डब्यांतून काढून लावतों तो चकचकीत रंग. तो वाहता असतो. पसरला कीं आपोआप सपाट होतो, आणि कुंचल्याचा माग फारसा राहत नाहीं. त्यामुळें चित्रांतील मोकळी जागा शांत, स्वच्छ दिसते. त्या जागेंत वस्तू जणूं तरंगत असतात: झाडाचें पान, घड्याळ, ढग, शिंपला, एखादें फळ, माणसाच्या मुखाची नुसती बाह्यरेषा.

कमळ म्हणजे लक्ष्मी, तसें पान म्हणजे अमुक, असें कोष्टक येथें चालत नाहीं. पान घड्याळाशेजारीं आलें म्हणजे त्याच्या वाळण्याचा विचार मनांत येतो. तेंच ढगाखालीं आलें तर पावसाचा. वस्तू तीच, शेजार बदलला कीं अर्थ पालटतो. शेजारच्या दोन वस्तूंचें नेहमींचें लहान-मोठेपणही बरवे पाळीत नाहींत, म्हणून ओळखीची वस्तू पाहूनही आपण क्षणभर थबकतों.

घरीं करून पाहावें: कोऱ्या कागदावर लिंबाचें पान व किल्ली ठेवून दोहोंच्या बाह्यरेषा काढाव्या. मग किल्ली उचलून तेथें दिव्याची काजळी भरलेली कांच, नंतर चुलींतला कोळसा ठेवावा, आणि प्रत्येक वेळीं पान कसें वाटलें तें वहींत लिहावें.

बरवे स्वतः अशा वह्या लिहीत. १९९५ सालीं ते वारले. २०१९ मध्यें मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरलें होतें. ‘कोरा कॅनव्हास’ हें त्यांचें १९९० चें पुस्तक मराठींतच आहे. वरच्या वर्गांतील मुलांस तें सावकाश वाचतां येईल.