बजींच्या जोडीविषयी भाच्यास पत्र

सातारा,
आश्विन शु. ५

चि. नंदू यास,

तुझे पत्र पोचले. जोडी घरात येऊन पंधरवडा लोटला, तरी तुझी चाहूल लागताच दोघेही पिंजऱ्याच्या पल्याडच्या गजांना जाऊन चिकटतात, आणि हात आत घालताच अशी फडफड उडते की राळ्याच्या टरफलांचा सडा थेट तुझ्या टेबलापर्यंत येतो, ही तुझी तक्रार मी लक्षपूर्वक वाचली. ‘एकाला दुसऱ्या खोलीत ठेवा, म्हणजे आठवड्यात हातावर बसेल’ हा दुकानदाराचा सल्लाही वाचला. आणि मुख्यत्वे त्या सल्ल्याची अंमलबजावणी होण्यापूर्वी हे पत्र तुझ्या हाती पडावे, म्हणून तातडीने लिहावयास बसलो आहे.

आपल्याकडचे विक्रेते ज्यांना सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून खपवतात, ते हे बजी मूळचे ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील रुक्ष मुलखाचे. गवताच्या बियांच्या आणि पाण्याच्या शोधात थव्याथव्याने भटकणारे, आणि पाणवठ्यावर उतरताना ससाण्याच्या झडपेची सदैव धास्ती बाळगणारे. जॉन गूल्ड या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये काही जिवंत पाखरे इंग्लंडात नेली आणि पुढे त्यांच्या असंख्य पिढ्या पिंजऱ्यातच जन्मल्या, हे खरे. परंतु तीसचाळीस ग्रॅम वजनाच्या जिवाला ज्या सावधपणाने युगानुयुगे तगवले, तो पावणेदोनशे वर्षांच्या आयत्या दाण्यापाण्याने पुसला जात नाही. त्यांचे डोळे मस्तकाच्या दोन्ही अंगांना असल्यामुळे जवळजवळ सर्व दिशांचे त्यांना एकाच वेळी दिसते, आणि वरून झेपावत येणारी वस्तू म्हणजे मृत्यू, ही खूणगाठ त्यांच्या रक्तातच बांधलेली असते. तुझा पिंजरा, तुझ्या वर्णनावरून, जमिनीलगतच्या तिवईवर आहे, आणि त्याचे दार छताला आहे. म्हणजे तू दिवसातून दोनदा आभाळातून पंजा खाली सोडतोस आणि पाखरे विश्वास का टाकत नाहीत म्हणून मला विचारतोस!

तेव्हा आधी जागेचा बंदोबस्त कर. पिंजरा तुझ्या छातीच्या उंचीवर, मागची बाजू भिंतीला लागून, खिडकीच्या थेट उन्हापासून आणि स्वयंपाकघरापासून दूर असा ठेव. मागचा अर्धा भाग सुती कापडाने झाक, म्हणजे पाठीमागून कोणी येणार नाही एवढी तरी त्यांना निश्चिंती लाभेल. दार बाजूला असलेला पिंजरा मिळाल्यास उत्तम. आत प्लास्टिकच्या गुळगुळीत दांड्या असतील तर काढून पेरूच्या फांद्या धुऊन, वाळवून बसव. जाडी कमीजास्त असली म्हणजे पायांना व्यायाम होतो. आणि ते टांगलेले मडके, जे दुकानदाराने ‘फुकट’ म्हणून गळ्यात मारले असेल, ते आजच काढ. मडके दिसले की मादी अंड्यांच्या तयारीला लागते, आणि घरटे राखणारी मादी ही प्रत्यक्ष दुर्गावतार असते. तुला तर अजून साधी ओळखही व्हावयाची आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. तुझ्यात आणि त्यांच्यात अंतर किती असावे, याची मुखत्यारी तू त्यांच्याकडे सोपव. तू खोलीत शीर आणि जेथे पाखरे ताठरतात तेथेच थांब. ती पुन्हा सैल पडली म्हणजे अर्धे पाऊल पुढे. ही सैल पडण्याची भाषा वाचावयास शिकलास की निम्मे काम झाले. भ्यालेला बजी पिसे अंगाशी घट्ट चापून एकाएकी सडपातळ दिसू लागतो, मान उंच ताणतो, निश्चल राहतो. अधिक भ्याला तर चोच उघडून धापा टाकतो. उलट, एक पाय पोटात ओढून घेतला, सर्वांग एकदा झटकून पिसे पुन्हा बसवली, चोचीने चोच घासल्याचा बारीक करकर असा आवाज आला, किंवा, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तुझ्या देखत दाणे टिपले, तर तुझी हजेरी मंजूर झाली असे समज. (मात्र पिसे फुलवून दिवसभर तळाशी बसणारा आणि श्वासागणिक शेपटी हलवणारा पक्षी हा शांत नव्हे, आजारी असतो, पक्षी दुखणे शेवटपर्यंत लपवतात, म्हणून अशा वेळी विलंब न करता पशुवैद्य गाठावा.) या काळात तू त्यांच्याकडे टक लावून पाहू नकोस, कारण दोन्ही डोळे रोखून पाहणे ही शिकाऱ्याची रीत आहे. कडेला बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाच. अग्रलेख वाचलास तरी चालेल. ऐकून त्यांना झोप लागली तर ते शुभचिन्हच होय.

हे पचनी पडल्यावर हाताची पाळी. प्रथम तो पिंजऱ्याबाहेर, गजांवर नुसता टेकलेला. मग दारातून आत, दांडीच्या पातळीच्या खालून, आणि बोटांत राळ्याचे कणीस. हात स्थिर ठेव, कणीस त्यांच्या तोंडाशी नेऊ नकोस. ते तुझ्याकडे आले पाहिजेत. सकाळी, ताजे दाणे घालण्यापूर्वी, दहा मिनिटे पुरेत; पण भूक लागावी म्हणून त्यांना उपाशी ठेवण्याचा विचार मनातही आणू नकोस, एवढ्याशा जिवाला थोड्या तासांचे लंघनही बाधते. पाखरू कणसासाठी बोटावर एक पाय ठेवील, काढून घेईल, पुन्हा ठेवील. पुढे दोन आणि मागे दोन अशी त्याची बोटे असतात, त्यांची पकड ऊबदार आणि अनपेक्षित घट्ट लागते. त्या क्षणी आनंदाने हात हलवलास तर मामला पुन्हा पहिल्या पायरीवर. चोच मारली तरी ओढून घेऊ नकोस. पुष्कळदा ते नुसते चाचपून पाहणे असते, फांदी भक्कम आहे ना याची रुजुवात.

आता जोडी फोडण्याविषयी. एकटे पाखरू लवकर हाती येते हे मी नाकारीत नाही. पण ज्याच्याजवळ दुसरा आधारच उरला नाही, त्याने तुला धरले, यात तुझे कर्तृत्व ते काय? थव्याने राहणाऱ्या पक्ष्याला एकांत ही शिक्षा आहे. शिवाय थव्यात भय जसे एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तसेच धैर्यही जाते: तुझ्या जोडीत ज्याच्या नाकाशी निळी पट्टी आहे तो नर, तपकिरी आहे ती मादी, आणि दोघांपैकी जो अधिक आगाऊ असेल तो आधी कणसाशी येईल, दुसरे मागे राहून न्याहाळील, आणि साथीदार सुखरूप परतला, वर चार दाणेही खाऊन आला, असे पाहून एके दिवशी आपण होऊन पुढे सरेल. भित्र्याला शिकवण्याचे काम धीट पाखरू तुझ्याहून चांगले करील. यात वेळ अधिक जातो, महिनेही जातील, आणि जोडीतले पक्षी बोलावयासही फारसे शिकत नाहीत, कारण बोलण्याजोगे सारे ते एकमेकांशी बोलतात. ते तुला पत्करावे लागेल. आमच्या लहानपणी वाड्यावाड्यांत ‘विठू विठू’ घोकणारा राघू टांगलेला असे; बहुधा घरट्यातून ओढून आणलेला, एकटा. आता देशी पोपट पाळण्यास कायद्याने बंदी आहे, आणि ती मला सर्वस्वी न्याय्य वाटते.

बाहेर सोडण्याची घाई नको. सोडशील तेव्हा छताचा पंखा बंद, नुसता बटणाने नव्हे तर पाती थांबल्याची खात्री करून. खिडक्या लावलेल्या, आणि आरशावर व काचांवर पडदा ओढलेला. परत आत आणण्यासाठी टॉवेल घेऊन मागे लागलास तर कित्येक आठवड्यांची कमाई एका पळात बुडेल. दिवा मंद कर, पिंजऱ्यात कणीस लाव आणि वाट पाहा. पंख कातरून देतो म्हणणाऱ्यास वाटेला लाव.

घरी सांग, न चिकटणारा तवा रिकामा तापत ठेवू नये. त्याच्या वाफेने पाखरे तडकाफडकी मरतात. दिवाळीत फटाक्यांच्या चार दिवसांत पिंजरा आतल्या खोलीत हलव आणि रात्री बारीक दिवा राहू दे. भाऊबीजेस मी येतो आहे, येताना राळ्याची कणसे आणि समुद्रफेनाचा तुकडा आणीन. तोपर्यंत कोथिंबिरीची धुतलेली जुडी लावून पाहा. आलो की खोलीत पहिल्याने शिरण्याचा हट्ट मी करणार नाही, पण माझी खुर्ची दारापासून कोठवर आणता येईल याचा अंदाज तू तोवर घेऊन ठेव.

तुझा,
अण्णामामा