निर्यातीची द्राक्षे व बंदरावरील क्ष-किरण तपासणी

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षे शीत कंटेनरांत भरून न्हावा-शेवा बंदरातून परदेशी रवाना होतात. तेथे सीमाशुल्क खात्याकडून काही कंटेनरांची क्ष-किरण तपासणी होते. किरणांनी घड नासतील, किंवा परदेशातील ग्राहक असा माल नाकारील, अशी शंका बागाइतदारांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ग्रामसेवकांनी तिचे निरसन करावे.

दवाखान्यात छातीचे छायाचित्र घेतात त्यातलाच हा प्रकार. मात्र येथील किरण पोलादी भिंत भेदण्याइतके प्रखर असतात. तथापि मालावर पडणारी त्यांची मात्रा अत्यल्प असते. ही मात्रा ०.५ ग्रेपर्यंत असल्यास युरोपीय संघाच्या १९९९ च्या नियमाप्रमाणे फळ किरणप्रक्रिया केलेले समजले जात नाही. लासलगावच्या केंद्रात मोड येऊ नयेत म्हणून कांद्यास ६० ते ९० ग्रे मात्रा देतात, आणि अमेरिकेस जाणाऱ्या आंब्यास किमान ४०० ग्रे! तो कांदा व तो आंबा लोक निर्धास्तपणे खातात.

फळांच्या कंटेनरवर संशय कशाला, असेही कोणी विचारील. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच बंदरात, दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या नासपती व हिरव्या सफरचंदांच्या कंटेनरमध्ये सुमारे ५० किलो कोकेन सापडले होते.

खरे नुकसान किरणांनी होत नाही, कंटेनर उघडावा लागल्याने होते. पेट्यांच्या सारख्या थरांचे चित्र एकसारखे उमटते. त्यात एखादी दाट, वेगळ्या आकाराची वस्तू दिसली की अधिकाऱ्यास सील तोडून पेट्या उतरविणे भाग पडते. शून्य ते एक अंश उष्णतामानात ठेवलेल्या घडांना कोकणची दमट हवा लागताच त्यांवर पाणी सुटते व पुढे कूज शिरते. जहाजाचा प्रवास तर अद्याप कित्येक दिवसांचा असतो.

म्हणून भरणीच्या वेळी बागाइतदाराने किंवा त्याच्या विश्वासू माणसाने जातीने हजर राहावे. कागदपत्रांत नोंद नसलेली कोणतीही वस्तू, मग ती विसरलेली हत्यारे असोत वा कोणा परिचिताचे गाठोडे, आत राहू देऊ नये. पेट्यांची संख्या कागदाशी ताडून पाहावी. दार बंद होताच सीलचा क्रमांक स्वतः वाचून लिहून घ्यावा. बंदरावर सील तोडले गेल्यास नव्या सीलचा क्रमांक निर्यातदाराकडून मागून घ्यावा व तो कागदपत्रांत चढला की नाही, याची खात्री करावी. क्रमांक न जुळल्यास रॉटरडॅमला माल पुन्हा अडतो.