आधी पाणी मोजा, मग माणसाला दोष द्या

प्रकल्प दोन प्रयोगशाळांचा होता. कोलीन क्लोराइड आणि युरिया १:२ प्रमाणात मिसळून सॉल्व्हंट बनवायचा दुसऱ्या प्रयोगशाळेने, मोजमापं आम्ही करायची. जुलैत मुंबईला आलेल्या बाटलीची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, त्यांच्या आकड्याच्या निम्मीही भरली नाही. तिथल्या वरिष्ठांनी भर बैठकीत सुनावलं, ‘तुमच्याकडे उपकरण धड हाताळत नाहीत.’ कॅलिब्रेशनचे कागद मी पुढे केले, ते त्यांनी उघडलेही नाहीत. हवेतलं पाणी शिरलं असेल, तपासू म्हटलं, तर म्हणाले, ‘पाणी असलं तरी काय? चाळीस टक्क्यांपर्यंत याची रचना टिकते.’

हा अर्धवट वाचनाचा परिणाम. २०१७ साली हॅमंड, बाउरन आणि एडलर यांनी न्यूट्रॉनच्या साहाय्याने दाखवलं, की वजनाने सुमारे ४२ टक्के पाण्यापर्यंत या मिश्रणाची अंतर्गत रचना बऱ्याच अंशी टिकते आणि ५१ टक्क्यांच्या आसपास त्याचं साधं जलीय द्रावण होतं. पण रचना टिकली म्हणून दाटपणा टिकत नाही. थोडंसं पाणी शिरलं तरी आयन मोकळे फिरू लागतात. व्हिस्कॉसिटी धाडकन उतरते, विद्युतवाहकता वाढते. घनता मात्र किंचितच बदलते, त्यामुळे घनता जुळली म्हणून नमुना कोरडा समजू नये.

शेवटी मीच दुसऱ्या विभागात जाऊन पाण्याचं प्रमाण मोजणारं कार्ल फिशर टायट्रेशन करून घेतलं. पाणी दोन टक्क्यांच्या वर! तो आकडा बघताना रागाने माझे हात थरथरत होते. मग तोच नमुना उघडा ठेवून रीडिंग घेत बसले. व्हिस्कॉसिटी एकाच दिशेने, खाली जात राहिली. दोन्ही नोंदी पाठवल्या. उत्तर आलं, ‘पुढच्या वेळी काळजी घ्या.’ चुकलं असं म्हणायचं सौजन्य नाही.

या क्षेत्रात येणाऱ्यांना सांगते:

मोजमापाआधी आणि नंतरही कार्ल फिशर करा. नमुना मोजता मोजता हवेतलं पाणी ओढतो.

कोलीन क्लोराइड आणि युरिया मिसळण्यापूर्वीच वेगवेगळे वाळवा. मिश्रण जास्त तापवून पाणी घालवायला जाऊ नका, युरिया विघटित होऊन अमोनिया सुटतो.

पावसाळ्यात नमुन्याच्या उघड्या कपावर कोरड्या नायट्रोजनचा झोत ठेवा.

वितळणबिंदूचा छापील आकडाही तपासून घ्या. २००३ साली ॲबट आणि सहकाऱ्यांनी १२ अंश सेल्सिअस दिला. काळजीपूर्वक वाळवलेल्या नमुन्यांत तो पुढे बराच वर आढळला.

पातळ सॉल्व्हंट हवा असेल तर पाणी जरूर घाला, पण तोलून घाला आणि तसं लिहा.

सगळं लेखी ठेवा. संयम ठेवा.

पाण्याचं प्रमाण न लिहिता दिलेला व्हिस्कॉसिटीचा आकडा निरुपयोगी आहे, मग तो कितीही मोठ्या माणसाने दिलेला असो.