चोडण बेटावर एक सकाळ

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गोव्याला गेलो होतो. एके दिवशी सकाळी अब्बा मला आणि माझ्या धाकट्या भावाला चोडण बेटावर घेऊन गेले. रायबंदरच्या धक्क्यावरून आम्ही फेरीबोटीत बसलो आणि मांडवी नदी ओलांडून बेटावर पोहोचलो.

या बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. ते १९८८ साली स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १.८ चौरस किलोमीटर आहे. येथे खारफुटीचे दाट वन आहे. ही झाडे खाऱ्या पाण्यात व चिखलात वाढतात. चिखलात हवा फार कमी असते. म्हणून काही झाडांची मुळे जमिनीतून वर येतात आणि हवा घेतात.

आम्ही पाऊलवाटेने निघालो. सोबत एक वनरक्षक काका होते. ओहोटीची वेळ होती. चिखलात खेकडे पळत होते. बगळे आणि लहान लहान पक्षी चोचीने किडे टिपत होते. इतक्यात माझ्या भावाने जोरात टाळ्या वाजवल्या. सगळे पक्षी भुर्रकन उडून गेले. भाऊ हसू लागला.

काका शांतपणे म्हणाले, "बाळ, यांतले काही पक्षी थंडीत हजारो मैलांवरून येतात. त्यांना परत जायचे असते. त्यासाठी अंगात ताकद हवी. भरती आली, की हा चिखल पाण्याखाली जातो. मग त्यांना येथे खायला मिळत नाही. तू त्यांना उडवलेस, म्हणजे त्यांच्या पुढचे ताट ओढलेस."

भावाने मान खाली घातली. तेव्हा अब्बांनी त्याला जवळ घेतले. ते म्हणाले, "सलीम अलींनीही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा कोणता पक्षी, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथे त्यांना पक्ष्यांची गोडी लागली. पुढे त्यांनी सारे आयुष्य पक्ष्यांच्या अभ्यासात घालवले."

आम्ही एका झाडाआड गुपचूप उभे राहिलो. बराच वेळ गेला. मग एक पक्षी परत आला. त्याच्या मागून दुसरा आला. भावाने माझा हात घट्ट धरला; पण तोंडातून शब्द काढला नाही.

परतताना त्याने बिस्किटाचा कागद खिशात ठेवला. त्याला कोणी सांगितले नव्हते.

शब्दार्थ : धक्का – बोट लागण्याची जागा, ओहोटी – समुद्राचे पाणी मागे जाणे, भरती – पाणी चढणे, गोडी – आवड.

स्वाध्याय
१. खारफुटीची मुळे वर का येतात?
२. "पुढचे ताट ओढलेस" असे काका का म्हणाले?
३. अभयारण्यात कसे वागावे, ते पाच वाक्यांत लिहा.