ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक हवेतच

प्रश्न: उसाची ट्रॉली सावकाशच चालते. ट्रॅक्टरचे ब्रेक उत्तम असताना ट्रॉलीला वेगळे कशाला?

उत्तर: वेग कमी असला, तरी भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा कितीतरी जड असते आणि बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उतारावर ते दाबले की ट्रॉली मागून रेटते आणि ट्रॅक्टर जोडापाशी आडवा होतो. खालचा गिअर उतरण्याआधीच टाकावा, पण तोही ट्रॅक्टरचीच चाकं रोखतो. ट्रॉलीला ब्रेक बसवायला खर्च येतो, हे खरं आहे. तरीही एका उलटलेल्या खेपेपुढे तो किरकोळच. ब्रेक बसवल्यावर हंगामाआधी ड्रम उघडून लायनर बघा. त्यावर ग्रीस उतरलं असेल तर पुसून भागत नाही, सील आणि लायनर दोन्ही बदला. रस्त्यावर ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक-पेडल खिटीने जोडूनच निघा.