नातवंडांचा थकवा ओळखा

बेअर शेवा किंवा यरुशलेमच्या विद्यापीठात आपला नातू वा नात फार्मसी शिकत असेल, तर अभिमान वाटतोच. पण शेकडो औषधांची नावे, मात्रा, दुष्परिणाम, शिवाय प्रयोगशाळा आणि परीक्षा, यांत महिनोन्‌महिने विसावा मिळाला नाही की मन थकून जाते. याला 'बर्नआउट' म्हणतात. तो आळस नव्हे.

त्याची लक्षणे तीन :
१. विश्रांती घेऊनही न जाणारा थकवा.
२. आवडीच्या अभ्यासाचाच वीट येणे, चिडचिड.
३. 'मला काहीच जमत नाही' असे वाटणे.

आपण काय करावे? 'मार्क किती मिळाले?' याऐवजी 'झोप लागते का? जेवलास का?' असे विचारा. ऐकून घ्या, मध्येच 'आमच्या वेळी...' नको. शब्बाथच्या जेवणाला पुस्तके बाजूला राहू द्या. आपली झोपेची गोळी मात्र कधीही देऊ नका.

उदासी दोन आठवडे टिकली, तर कुपत होलिमच्या डॉक्टरकडे पाठवा. जीव नकोसा झाल्याचे बोलल्यास त्याला एकटे सोडू नका. 'एरान'चा १२०१ हा फोन रात्रंदिवस चालू असतो. जिवाला धोका दिसल्यास लगेच १०१ फिरवा.