मुक्कामाची सहल : नांदूर मध्यमेश्वर

निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमाजवळील नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला. पाण्याचा साठा घटला. परंतु उथळ पाणी व पाणवनस्पती यांमुळे पक्ष्यांना आश्रय लाभला. १९८६ साली तेथे अभयारण्य झाले. २०२० साली रामसर करारान्वये जाहीर झालेली ती महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा होय.

हिवाळी सहलीत आदल्या सायंकाळी मुक्काम करून पहाटेच मार्गदर्शकासह निरीक्षण मनोऱ्यावर जावे व मौन पाळावे. शिक्षकांनी पक्ष्याचे नाव लगेच सांगू नये. मुलांनी प्रथम चोच व हालचाल पाहून टिपण करावे. चमचा पक्षी पाण्यात चोच डावी-उजवीकडे फिरवून स्पर्शाने भक्ष्य शोधतो. बगळा निश्चल राहून दृष्टीने हेरतो.

परतल्यावर वर्गात विचारावे : गाळ काढल्यास शेतीस काय लाभेल, पक्ष्यांचे काय जाईल? उत्तर मुलांनीच शोधावे.